भांगाचा रविवार

सूर्यानेही उगवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहून घ्यावं, असं मनापासून वाटणारे गृहस्थ अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहेत, आणि ते माझ्या मुलीचे स्काउटमास्तर होते. आम्ही पालक त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीतल्या आमच्या मुलांच्या शाळेत त्यांनी स्काउट-गाइडचं पथक हाती घेतलं. कारखान्याने निरोपाच्या वेळी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते लावण्याआधी खिळा किती वजन पेलतो हे पाहावं म्हणून सरांनी त्या खिळ्याला पाण्याने भरलेली कळशी टांगली आणि ती रात्रभर तशीच ठेवली. खाली काकूंचा पलंग होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हा प्रसंग सांगताना शांतपणे म्हणतात, “घड्याळ पडलं असतं तर घड्याळ फुटलं असतं. कळशी पडली असती तर मी. पण हे त्यांच्या तपासणीत बसत नव्हतं.”

सरांना धोका दिसत नसे असं ठिकाण नव्हतं. पुतण्याच्या लग्नात होम पेटला तेव्हा ते वधूवरांच्या मागे वाळूची बादली घेऊन उभे राहिले. भटजी म्हणाले, “अहो काका, मंगल कार्य आहे.” सर म्हणाले, “म्हणूनच आणली. एरवी पाणी आणलं असतं.” लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत ती लाल बादली आहे, आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ असं लिहिलेलं स्पष्ट वाचता येतं. वाढदिवसाला बोलावलं तर मेणबत्त्या विझवताना मुलीचे केस मागे बांधलेले आहेत ना, हे ते पाहत. गच्चीवर कोजागरी असली तर कठड्याची उंची स्वतःच्या छातीशी मापून मगच दुधाचा पेला हातात घेत. हे सगळं ते कुणाला न दुखवता करत. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. उलट धोका जितका मोठा तितका त्यांचा आवाज खाली जाई. ते अगदी कुजबुजून बोलू लागले की मुलं आपोआप दोन पावलं मागे सरकत.

पथकात त्यांची सर्वांत लाडकी रीत म्हणजे जोडी. प्रत्येक मुलाला एक जोडीदार ठरलेला. बाहेर कुठेही शिट्टी वाजली की जोडीने एकमेकांचा हात धरून वर करायचा. एखादा हात एकटा वर आला तर त्याचा जोडीदार कुठे आहे ते आधी शोधायचं. ही रीत त्यांनी घरातही लावली होती. कल्याणच्या बाजारात गर्दीत चुकामूक झाली की सर शिट्टी वाजवत आणि काकू भाजीची पिशवी वर करत. एकदा त्यांनी अशी शिट्टी वाजवली तर काकूंच्या पिशवीबरोबर मिरचीच्या दुकानापाशी एक आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला एक असे आणखी दोन हात वर आले. दोन मोठे, मिशीवाले गृहस्थ होते, सरांच्या पहिल्या वर्षाच्या पथकातले. एकाच बाजारात आहोत हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. सरांनी त्यांना एकमेकांचे नंबर घ्यायला लावले आणि मगच सोडलं.

पालकांना मात्र सरांचं संमतिपत्र सोसवत नसे. शाळेमागच्या टेकडीवर पक्षी पाहायला जायचं असलं तरी पत्र येई, आणि त्यात ऊन, वारा, ठेच, मधमाशी, अनोळखी फळ, ओळखीचा कुत्रा आणि ‘सोबत येणारी धाकटी भावंडे’ इतक्या धोक्यांची जाणीव करून दिलेली असे. एका वडिलांनी सही करता करता विचारलं, “सर, पोरगं टेकडीवर चाललंय ना? की बॉर्डरवर?” सर कुजबुजले, “टेकडीवरच. सीमेवर पाठवायचं असतं तर आईचीही सही घेतली असती.” मग त्यांनी पत्र परत घेतलं, क्षणभर विचार केला, आणि पुढच्या वेळेपासून दोघांच्याही सह्या घ्यायला सुरुवात केली.

पण सरांना खरी भीती अपघाताची नव्हती. ती होती वेळापत्रकाची. डोंबिवलीतल्या मुलांचा रविवार हा मोकळा दिवस आहे असं त्यांना सुरुवातीला कुणीतरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात सकाळी ॲबॅकस, त्यावर पोहणं, मग तबला किंवा कीबोर्ड, मधूनच चित्रकलेची परीक्षा आणि उरलेल्या फटीत मामाच्या मुलाची मुंज. सरांनी सगळ्या मुलांचे क्लास फळ्यावर रंगीत खडूंनी मांडून एक सामाईक वेळ शोधली. ती निघाली रविवारी दुपारी जेवणानंतरची, कारण त्या वेळेला क्लास घेणारेही झोपलेले असतात. बरीचशी मुलं आली. गाठी बांधायचा तास होता. पहिली गाठ होईपर्यंत पुढची रांग कलंडली, दुसरी होईपर्यंत मागची. सरांनी कुणालाही उठवलं नाही. पंखे फिरत होते, ते घट्ट बसवलेले आहेत की नाहीत हे मान वर करून पाहत ते सतरंजीच्या कडेला बसून राहिले. पालक न्यायला आले तेव्हा सर म्हणाले, “सगळी सुरक्षित आहेत. आजवरचा सर्वांत यशस्वी तास झाला.”

या वेळापत्रकानेच गेल्या वर्षी पथकाच्या गळ्याशी हात घातला. रविवारी सकाळी पथकासाठी राखलेलं शाळेचं मैदान एका फुटबॉल प्रशिक्षणाला हवं होतं. मुख्याध्यापिकाबाई सरांच्या बाजूच्या होत्या, पण संस्थेने त्यांना अट घालून दिली होती: शैक्षणिक वर्ष संपायच्या आत पूर्ण पथक हजर असलेला एक तरी उपक्रम व्हायला हवा, नाहीतर पथक बंद. बाईंनी हे सरांना सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. पालकांपैकी सरांना दुचाकीवरून इकडेतिकडे नेणारा मीच होतो. सरांनी पिशवीतून हजेरीची वही काढली. मग म्हणाले, “पूर्ण म्हणजे सगळी?” बाई म्हणाल्या, “सगळी, सर.” पूर्ण पथक एका जागी त्यांनी तोवर एकदाही पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं की मुलांना कोलशेतच्या खाडीत होडीतून न्यायचं, काठाची तिवरांची झाडं दाखवायची. क्लास बुडवायला मुलं तयार होतील असं दुसरं काही त्यांना सुचेना. कारखान्याच्या दिवसांपासून तिथले एक नाखवा त्यांच्या ओळखीचे होते. वय झालेलं, पण होडी अजून स्वतः चालवणारे. लाइफ जॅकेटं एका ओळखीच्याकडून आली. त्यांचे पट्टे सैल पडतात का हे पाहायला सर एक एक जॅकेट दिवसभर घरात घालून वावरले. कुरिअरवाला आला, गॅसवाला आला, सगळ्यांना सरांनी नारिंगी जॅकेटातच दार उघडलं. गॅसवाल्याने काकूंना हळूच विचारलं, “वरची टाकी लीक आहे काय?” मुली सोबत असल्या की एक बाई मार्गदर्शक हवीच, असा नियम होता; ते प्रशिक्षण काकूंनी सरांच्या आग्रहाखातर पूर्वीच घेतलेलं होतं. आता फक्त तारीख हवी होती.

ती मिळवायला सर घरोघर गेले. महाशिवरात्रीच्या आधीचा रविवार. तबल्याच्या गुरुजींना त्यांनी जाऊन नमस्कार केला. एका आईने नृत्याची तालीम शनिवारवर ढकलली. एका घरात आजोबांनी स्वतःचं श्रवणयंत्र दुरुस्तीला न्यायचं पुढे टाकलं, कारण दुकानात त्यांना नातवाला सोबत न्यायचं होतं. शेवटचं घर जमलं तेव्हा सर जिन्यात थांबले, कठड्याला हात लावून तो हलतो का ते पाहिलं, आणि म्हणाले, “जमलं हो.”

मग त्यांनी शाळेतल्या स्काउटच्या खोलीतून नाखवांना फोन लावला. मी आणि काकू समोर बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

“नाखवा, त्या रविवारी मुलांना आणलं तर चालेल ना? काही अडचण?”

“या ना सर. कसली अडचन? त्या आइतवारी भांग हाय. पोरा मजेत ऱ्हातील.”

सरांचा आवाज एकदम खाली गेला. “भांग?”

“भांगच. अष्टमी ना ती.”

“गावात सगळीकडे?”

“गावात काय, सगल्या खाडीत. पार वसईपरत.”

“आणि मोठी माणसं?”

“तीबी निवांत आसतात. भांगाला कोन दगदग करतो?”

सर आता जवळजवळ ऐकू येईनासे झाले होते. “नाखवा, लहान मुलं आहेत. एक दिवस थांबवता नाही का येणार तुम्हाला?”

 नाखवा समजुतीच्या सुरात म्हणाले, “सर, भांग कोन थांबवनार? देवाचा काम हाय ता.”

महाशिवरात्र तोंडावर, देवाचं काम म्हणजे कोणत्या देवाचं, हे सरांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “शिवरात्र झाल्यावर जो रविवार येतो, तेव्हा?”

“तवा भांग सपलेला आसंल. पन सर, त्या दिशी—”

सरांनी आभार मानून फोन ठेवला होता. ‘सपलेला’ नव्हे, ‘संपलेली’ हवं, भांग स्त्रीलिंगी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण कुणाच्या बोलीत खोट काढायची नाही असा त्यांचा नियम होता. काकू म्हणाल्या, “अहो, नाखवा तसे नाहीत वाटत.” सर म्हणाले, “नाखवा नाहीत. पण गावाची जबाबदारी ते कशी घेतील?”

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सरांचा मजकूर आला की नियोजित स्थळी त्या दिवशी मादक पदार्थाचे सेवन सर्वत्र होत असल्याने उपक्रम एक आठवडा पुढे ढकलण्यात येत आहे. लगेच खाली उत्तरं पडली. “सर, असल्या जागेवर मुळात नेताय कशाला?” “एक आठवडा पुढे? माझ्या दोघांची ऑलिंपियाड आहे.” “डान्सची तालीम मी शनिवारी केलीये हो, आता परत कशी मागू?” एका वडिलांनी लिहिलं, “पत्ता मिळेल का?” आणि मागे हसरा चेहरा लावला. सर दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा घरोघर निघाले. मोकळा झालेला आधीचा रविवार तोवर पुन्हा भरलाही होता. गुरुजींनी जादा तास लावला, आजोबांचं श्रवणयंत्र दुरुस्तीला निघालं. पण नव्या तारखेलाही सरांनी एकेक करून सगळ्यांना वळवलं. ऑलिंपियाडवाल्या दोघांसाठी ते परीक्षा केंद्रावर जाऊन दुपारचा गट मागून आले. पुन्हा एकदा पूर्ण पथक जमलं.

तारीख ठरल्यावर सरांचा एक नियम बाकी होता, जागेची पाहणी. आधी ठरलेला रविवार दोनच दिवसांवर आला असताना आम्ही दुचाकीवर कोलशेतला गेलो. खाडीच्या काठी नाखवा जाळं विणत बसले होते आणि त्यांची बायको सुकट वाळत घालत होती. सरांना पाहून ती आधी नवऱ्याकडे वळली. “ह्येच का तं? मना वाटला कुनी पैलवान आसंल.”

“मी?” सर म्हणाले.

नाखवा म्हणाले, “सगल्या गावाला सांगितला मी. बोल्लो, आमचे सर लय धीराचे. त्यांना भांग नको, उधान पायजे. लहान पोरा घेऊन उधानात जानारा मानूस मी अजून पायला नाय.”

उधाण हा शब्द सरांना माहीत होता. अमावास्या-पौर्णिमेला खाडीचं पाणी कसं फुगतं आणि त्याला किती ओढ असते, हे कारखान्यात त्यांनी इतरांना शिकवलेलं होतं; आणि नवा रविवार नेमका अमावास्येचा होता. ते जागच्या जागी उभे राहिले. “नाखवा,” ते म्हणाले, “मग भांग म्हणजे काय?”

“भांग म्हंजे भांग. अष्टमीला पानी जास्त चरत नाय, जास्त उतरत नाय, उगा पडून आसतो. तो भांग.” मग नाखवांचा हात जाळ्यावर थांबला. “तुमाला काय वाटला?”

सरांनी सांगितलं. खोटं सांगणं त्यांना कधी जमत नसे, आणि त्या क्षणी कुणीतरी ते त्यांना शिकवायला हवं होतं असं मला वाटलं. नाखवांची बायको सुकटीच्या टोपलीवर वाकून हसू लागली आणि बराच वेळ सरळ झाली नाही. नाखवा मात्र हसले नाहीत. “इतकी वर्सा वलखता मना,” ते म्हणाले. “तुमच्या पोरांना आमी भांग पाजू?” सर खाली मान घालून म्हणाले, “चूक झाली. विचारायला हवं होतं.” नाखवांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग बायकोकडे पाहून म्हणाले, “अगं, च्या टाक सरांना. साधा टाक. दुसरा काय नको घालू त्यात.” आणि मग तेही हसले.

परतताना कापूरबावडीच्या सिग्नलला सर मागून म्हणाले, “परवाच जायचं.” मी त्यांना आठवण करून दिली की परवा निम्मी मुलंही मिळणार नाहीत, शिवरात्रीनंतरच्या रविवारी सगळी येणार आहेत, त्यापुढचे रविवार परीक्षांचे आहेत, होडी सोडून नुसतं काठावरून तिवरं दाखवली तरी अट पुरी होईल. सर म्हणाले, “काठावर उभी राहतील ती मुलं? पाणी चढत आलं की पहिल्यांदा पुढे कोण जातं ते तुम्ही पाहिलं नाहीये. मी पाहिलंय.” काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. 

रात्री ग्रुपवर त्यांचा दुसरा मजकूर आला. भांग या शब्दाचा अर्थ आपल्याला कळला नाही, चूक संपूर्णपणे आपली आहे, कोलशेतच्या ग्रामस्थांची आपण क्षमा मागितली आहे, आणि उपक्रम परवाच होईल. ज्यांना जमणार नाही त्यांच्याबद्दल कोणतीही तक्रार नाही. या वेळी कुणी फारसं काही लिहिलं नाही. हसऱ्या चेहऱ्याच्या वडिलांनी फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं.

त्या रविवारी निम्म्याहून कमी मुलं आली. जोड्या मोडल्या होत्या, त्यामुळे सरांनी त्या नव्याने लावल्या. माझ्या मुलीची जोडीदार तबल्याच्या जादा तासाला होती, म्हणून तिच्या वाट्याला फारशी ओळख नसलेला एक मुलगा आला आणि दोघांनी बोटाच्या टोकांनी हात धरले. पाणी खरोखरच उगाच पडून होतं. नाखवा होडी काठाकाठाने नेत होते, तिवराच्या मुळांत खेकडे होते, लांब कारखान्याची धुरांडी दिसत होती. त्यांच्याकडे बोट दाखवून मुलीने विचारलं, “सर, तुम्ही तिकडे होतात ना? मग रोज होडीत बसायचात?” सर म्हणाले, “नाही गं. मी भिंतीच्या आत असायचो. खाडी आज पहिल्यांदाच आतून बघतोय.” तोवर त्यांनी होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती. नाखवा मागून म्हणाले, “सर, सोडा आता. ती आपली आपन जाते.” काकू म्हणाल्या, “त्यांना सवय नाही.” पण सरांनी एक हात सोडला, आणि थोड्या वेळाने दुसराही.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. झालेला प्रकार त्यांच्या कानावर आला होता. त्या म्हणाल्या, “सर, संस्थेला अहवाल मी पाठवणार आहे. मुलं नंतरच्या रविवारी येणार होतीच ना सगळी? तुम्ही पूर्ण हजेरी लिहून द्या. मी प्रश्न विचारणार नाही, तिथेही कुणी विचारणार नाही.” हे त्या मनापासून सांगत होत्या, आणि सरांना ते कळलंही होतं. त्यांनी बाईंचे आभार मानले. मग इतक्या खालच्या आवाजात बोलले की बाईंना टेबलावरून पुढे झुकावं लागलं.

“बाई, जे मूल नाही ते आहे असं लिहिलं, की त्याला शोधायला कुणी जात नाही.”

जूनपासून पथक बंद झालं. फुटबॉलवाले चांगले आहेत; मुलांना गुडघ्याला बांधायला पट्टे देतात आणि पाणी प्यायला मधे थांबवतात, हे सरांनीच एकदा कुंपणापाशी थोडा वेळ उभं राहून पाहिल्याचं मला सांगितलं. बोलताना तक्रारीचा सूर नव्हता. लाइफ जॅकेटं त्यांनी धुऊन, वाळवून परत केली. सकाळी ते आता काकूंबरोबर फिरायला जातात, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचं यावर दोघांचं एकमत आहे.

मुलीला आम्ही रविवारसाठी दुसरा क्लास शोधला नाही. बायकोने दोनतीन नावं काढली होती, मुलगी नको म्हणाली नाही, होही म्हणाली नाही. ज्या वेळेसाठी सर घरोघर फिरले, ती सकाळची वेळ आता आमच्याकडे रिकामी असते. मुलगी त्या दिवशी लवकर उठते, पथकाला जायचं असल्यासारखी आवरते, आणि खिडकीत बसून राहते.